शनिवारची राख

शनिवारी पहाटे पाचला स्टोव्ह विझवते,
म्हणजे नऊपर्यंत त्याच्या पोटात हात घालता येतो.
तोवर कॉफी, आणि खिडकीत कार्नियाचे डोंगर.
पूर्वी बर्फावर आरागिरणीचा पिवळा भुसा बसायचा.
आता बर्फ नुसताच पांढरा.

आधी भांडं. मुठीएवढं, ओतीव लोखंडाचं, बुडाला भोकं.
भोकं बुजली की पेलेट जळत नाहीत, धुमसतात,
काच काळी पडते, आणि वर लाल आकडा लुकलुकतो
ज्याचा अर्थ पुस्तिकेत तीन भाषांत दिलाय
आणि तिन्हींत एकच आहे: माणूस बोलवा.

मी माणूस बोलवत नाही.
शाळेच्या सहा खोल्या झाडल्या एकोणतीस वर्षं,
एका भांड्याला काय भ्यायचं.
जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खरवडते.
दुधाच्या पातेल्याची खरवड गोड तरी लागते;
ही काचेसारखी, करडी, बोट कापणारी.
यंदा फारच धरतेय.

राखेसाठी वेगळा व्हॅक्यूम, पत्र्याच्या पोटाचा.
शेजारच्या मारिनेल्लानं एकदा घरातलाच लावला,
आदल्या दिवशीची राख, गार आहे म्हणून.
रात्री दोनला जिन्याखाली पिशवी पेटली.
राखेला विचारू नये, गार झालीस का.
ती हो म्हणते.

दहाला एर्मेस आला.
दाराशी बूट आपटले, टोपी काढली नाही.
अकरा वर्षांनी.
बाबांच्या मागे वरच्या रानाची वाटणी झाली तेव्हा
आमच्या चुली वेगळ्या झाल्या, त्या झाल्याच;
चर्चमध्येसुद्धा तो पुढे डावीकडे, मी खांबामागे.
"ज्या आगीला प्लग लागतो ती आग नव्हे,"
असं तो बारमध्ये म्हणाला होता, मी स्टोव्ह घेतला तेव्हा.
गावात शब्दाला पोचायला पाच मिनिटं लागतात.

"धुराडं चोंदलंय माझं," म्हणाला.
माझ्या खिडकीतून त्याचं धुराडं दिसतं.
छान, सरळ धूर निघत होता.
मी म्हटलं, बस.

मी ब्रश घालत राहिले नळ्यांमधून,
काजळी मऊ, मांजर झटकावं तशी पडत होती.
तो पोत्याशी वाकला.
डावा हात, तीन बोटांचा; दोन गिरणीत राहिली.
मूठभर पेलेट घेतले, चुरडले, हुंगले,
एक दाणा जिभेवर ठेवला, औषधासारखा.
"साल," म्हणाला. "फरच आहे, पण सालीसकट दळलाय.
म्हणून तुझ्या राखेची काच होते."
मग, बऱ्याच वेळानं: "कुठून घेतेस?"
"सुपरमार्केटातून. ऑफर होती."
तो काही बोलला नाही. पोत्याचं तोंड मुडपून ठेवलं.

शेवटी दाराची दोरी.
ती चपटी झाली की बाहेरची हवा आत शिरते
आणि ज्योत आळशी होते, लांब, लाल.
तपासायचं असं: दारात कागद धरायचा, दार लावायचं, ओढायचं.
मला हाताशी कागद सापडेना.
एर्मेसनं कोटाच्या आतल्या खिशातून काढला,
चार घड्यांचा, घड्यांवर फाटत आलेला.
रानाचा नकाशा. बाबांच्या शिसपेन्सिलीची रेघ मधोमध.

मी तो दारात धरला आणि दार लावलं.
"ओढ," म्हटलं.
त्यानं ओढला, तीन बोटांनी, हलक्या हातानं.
हलला नाही.
"धरतंय," म्हणाला.
"बिजागरीकडूनही बघायला हवं."
बघितलं. तिकडे अलगद सुटला.

"दोरी गेलीय त्या बाजूची," एर्मेस म्हणाला.
"कितीची लागते, आठची की दहाची?"
"दहाची."
"मंगळवारी आणतो."

बटण दाबलं. पेटायला सात मिनिटं लागतात,
आधी दाणे पडतात टपटप, मग पांढरा धूर,
मग काहीच नाही, असं वाटतं बिघडलं.
आम्ही दोघं पुसलेल्या काचेकडे बघत बसलो.
नकाशा टेबलावर होता, कॉफीच्या कपाशेजारी,
एका कडेला काजळीचा माझा अंगठा.